नवीन महाबळेश्वरच्या आराखड्यात गाव आलंय, हरकत नेमकी कशावर घ्यायची?

जावळीचा_पोरगा

नमस्कार मंडळी. गाव जावळी तालुक्यात, कोयनेच्या बॅकवॉटरच्या कडेला. मी घणसोलीत असतो, वडील वाशी मार्केटला माथाडीत होते, आता रिटायर होऊन गावीच राहतात. नवीन महाबळेश्वर गिरिस्थान प्रकल्पात आमचं गाव आलंय. 2019 ला सरकारने एमएसआरडीसीला (राज्य रस्ते विकास महामंडळ) विशेष नियोजन प्राधिकरण केलं, म्हणजे इथला आराखडा तेच करणार, पहिल्यांदा 235 गावं होती, मग अजून 294 घातली म्हणतात, सातारा, जावळी, पाटण, महाबळेश्वर असे चार तालुके. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नकाशाची पीडीएफ फिरतेय पण एवढी अंधुक आहे की झूम केलं की नुसते रंग दिसतात, गटनंबर वाचता येत नाही.

घरात रोज यावरनं चर्चा. वडील म्हणतात पुन्हा उठवणार आपल्याला. त्यांचं बरोबर आहे, धरण झालं तेव्हा आजोबांची खालची सगळी भातखाचरं पाण्यात गेली, अर्धी भावकी सोलापूरकडं गेली आणि आम्ही डोंगरात वर सरकलो, ते त्यांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. चुलतभाऊ म्हणतो रोड येतील हॉटेलं येतील पोरांना इथंच काम मिळेल, विरोध कशाला. त्यात एक एजंट सारखा येऊन बसतोय, आराखडा मंजूर झाला की जमीन सरकारजमा होणार त्याआधी विकून मोकळे व्हा असं सांगतोय, गावात दोघातिघांनी इसार घेतलाय पण.

माझे प्रश्न असे की १) आराखड्यात रंग पडला म्हणजे जमीन जाते का २) हरकत घ्यायची तर काय लिहायचं, नुसतं "आमचा विरोध आहे" लिहून काही होतं का ३) ग्रामसभेच्या ठरावाला किती वजन आहे. रविवारी मुंबईकर मंडळाची मीटिंग आहे, तिथं काहीतरी धड सांगायचंय.

टीपी_रिटायर्ड

मी नगररचना खात्यात नोकरी केली, तुमच्या जिल्ह्यात नाही. जेवढं नक्की माहीत आहे तेवढंच लिहितो.

पहिलं म्हणजे एजंटला घराबाहेर काढा. झोन वेगळा आणि आरक्षण वेगळं. नकाशावर तुमच्या गटावर हिरवा, पिवळा कुठलाही रंग पडला तर तो झोन, म्हणजे त्या जागेवर पुढे काय करता येईल आणि काय नाही एवढंच ठरतं, मालक तुम्हीच राहता, सातबारा तुमचाच राहतो. आरक्षण म्हणजे त्या गटावर ठरावीक सार्वजनिक कामासाठी नंबर टाकून खूण केलेली असते, पार्किंग, दवाखाना, बसस्थानक, रुंद रस्ता वगैरे. ती जागा पुढे संपादित होऊ शकते, पण ती पण फुकट नाही आणि एका रात्रीत नाही. नगररचना कायदा 1966 चा, त्यात कलम 127 आहे, आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. तेव्हा "सरकारजमा होणार" हे साफ खोटं आहे. आत्ता जमीन विकली तर मात्र ती खरोखरच गेली.

दुसरं हरकतीचं. "विरोध आहे" अशा हरकतींचे गठ्ठे येतात, एकसारख्या झेरॉक्स, खाली हजार सह्या. समितीपुढे त्या एका ओळीत निकाली निघतात कारण त्यात निर्णय घेण्यासारखं काही नसतं. याउलट ज्या हरकतीत गटनंबर आहे, सातबारा आणि मोजणीचा नकाशा जोडलाय, आणि लिहिलंय की या गटात बारमाही झरा आहे, गावाचं पिण्याचं पाणी यावर आहे, इथे पर्यटन संकुलाचा झोन दाखवलाय तो काढून शेती किंवा हरितपट्टा करावा, तिच्यावर कोणाला तरी जागेवर जाऊन बघावंच लागतं. निदान कारण देऊन नाकारावी लागते. त्यामुळे हरकत गटागणिक वेगळी लिहा, आणि काय नको हे लिहिताना त्याच्या जागी काय हवं तेही लिहा.

अंधुक पीडीएफवर काही ठरवू नका. प्रारूप नकाशाची प्रत ऑफिसात बघायला ठेवलेली असते, दोघांनी जाऊन बघा, लागेल त्या भागाची सही-शिक्क्याची प्रत फी भरून मागा. सोबत अहवाल पण मागा, नुसता नकाशा नको. लोकसंख्या किती वाढणार धरलीय, पर्यटक किती धरलेत, पाणी कुठून आणणार, कचरा कुठे टाकणार, हे सगळं अहवालात असतं आणि आराखड्याचा खरा कस तिथेच लागतो. वीस वर्षांचा विचार करणारा आराखडा असेल तर वीस वर्षांचं पाणी दाखवायला पाहिजे.

मुदत नोटिशीत बघा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या, आणि सुनावणीला प्रत्यक्ष बोलवा असं अर्जातच लिहा.

बामणोली_साइड

काकांनी छान सांगितलं. मी गावातच राहते, मुंबईहून लग्न करून इथे आले, घरात चार खोल्यांचं होमस्टे चालवते. मला आराखडा नकोच असं वाटत नाही आणि हे मी गावात पण बोलते, शिव्या खाते.

आमच्याकडे काय आहे सांगा. रात्री बाई अडली तर लाँचमधनं न्यायची का घाटातनं न्यायची हा प्रश्न असतो. शाळेत पटसंख्या कमी म्हणून शिक्षक कमी. जेमतेम शिकलेली पोरं कोपरखैरणे नायतर ऐरोली. तापोळ्याला अहीरकडे जायला पूल होतोय तेव्हा पलीकडच्या लोकांचे चेहरे बघा म्हणजे कळेल रस्ता पूल म्हणजे काय असतं. मुंबईत बसून "गाव आहे तसंच राहू दे" म्हणणं सोपं आहे, राग मानू नका दादा, तुम्हाला नाही म्हणत.

पण माझी हरकत वेगळीच आहे. गावठाण इवलंसं. घरटी दोन भाऊ झाले की दुसऱ्याने बांधायचं कुठं, शेतात बांधलं तर अनधिकृत, त्याला कर्ज नाही, होमस्टेची नोंदणी करताना कागद मागतात. आणि आराखड्यात मोठ्या रिसॉर्टसाठी झोन आणि गावकऱ्याच्या घरासाठी गावठाण तेवढंच असं झालं तर येणारा पैसा बाहेरच्याचा आणि आम्ही त्यांच्याकडे भांडी घासायला. म्हणून आम्ही बायका बचतगटातनं असं लिहून देणार आहोत की गावठाण विस्तार आधी दाखवा, चार-सहा खोल्यांच्या घरगुती निवासाला शेतीच्या झोनमध्ये परवानगी ठेवा, आणि बाकी मोठं काय ते नंतर.

पाण्याचं तर बोलूच नका. शिवसागर समोर पसरलेलं, 105 टीएमसीचं धरण, आणि एप्रिल-मे मध्ये आम्ही हंडे घेऊन झऱ्यावर. धरण उशाला कोरड घशाला हे आमच्यासाठीच केलंय. उद्या इथे स्विमिंग पूलवाली हॉटेलं आली तर ते पाणी कुठलं, ते पहिलं लिहा.

टीपी_रिटायर्ड

ताई, गावठाणाचा मुद्दा एकदम बरोबर. जमीन महसूल संहितेत कलम 42ड होतं, गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत रहिवासी वापराला वेगळा एनए (बिगरशेती) आदेश लागत नव्हता, रूपांतर कर वगैरे भरून सनद मिळायची. बांधकाम परवानगी मात्र घ्यावी लागते, आणि प्राधिकरण नेमल्यावर ती त्यांच्याकडून. पण डोंगरातल्या गावात हे 200 मीटर म्हणजे अर्ध्या वेळा कडा नाहीतर पाणी. तुमच्या अर्जात गावठाणाभोवतीची बांधता येण्यासारखी सपाट जागा कुठल्या कुठल्या गटात आहे ते लिहा. हे काम गावातलाच माणूस करू शकतो.

सडा_आणि_दगडफूल

उतारावर पण बोलायला हवं, मी मूळचा पाटणचा. 2021 च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी आल्या, झोपलेली घरं गेली. तो तालुका या आराखड्यात आहे. आमच्याकडची जमीन म्हणजे वर जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट उघडा खडक, खाली माती, पावसात ती पाणी पिऊन फुगते. रस्त्यासाठी उताराचा पाय कापला, वर प्लॉट पाडायला झाडी काढली, की वरचं सगळं सुटतं. त्यामुळे झोनचा नकाशा आणि उताराचा नकाशा एकमेकांवर ठेवून दाखवा अशी मागणी प्रत्येक गावाने करावी, आणि जिथे उतार जास्त तिथे बांधकाम नको हे नियमावलीतच लिहून घ्यावं.

दुसरं सडे. नकाशा करणाऱ्याला सडा म्हणजे पडीक जमीन वाटते, झाड नाही पीक नाही, मग तिथे हेलिपॅड किंवा पार्किंग टाकायला मोकळी जागा. कासचं पठार 2012 ला जागतिक वारशात गेलं ते याच "पडीक" जमिनीमुळे. कास काही एकटं नाही, प्रत्येक गावाच्या डोक्यावर तसा एकेक सडा आहे आणि खालचे झरे त्याच्यावरच चालतात, पावसाचं पाणी तिथं मुरतं आणि उन्हाळ्यात खाली निघतं. वर सिमेंट केलं तर ताईंचा झरा आटणार, यात मला तरी शंका वाटत नाही.

शिवाय एका बाजूला कोयना अभयारण्य, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, महाबळेश्वर-पाचगणीला 2001 पासून इको-सेन्सिटिव्ह, आणि पश्चिम घाटाची नवीन मसुदा अधिसूचना 31 जुलै 2024 ची, तिच्यात महाराष्ट्राचे 17,340 चौरस किमी. गावकऱ्याला एकीकडून सांगतात घराची भिंत वाढवू नको आणि दुसरीकडून म्हणतात इथे गिरिस्थान होणार. या दोन्ही कागदांचा मेळ कसा घातलाय हे लेखी विचारा. माझं मत स्पष्ट आहे, नवीन गिरिस्थानाची या डोंगरांना गरज नाही, आहेत त्या गावांना धड रस्ता, पाणी, दवाखाना द्या. ते द्यायला 529 गावांचा पर्यटन आराखडा लागत नाही.

म्हादय_काठ

मी गोव्याहून, सत्तरी तालुका. आमचा अनुभव सांगते, उपयोग होईल.

2006 च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे प्रादेशिक आराखडा 2011, म्हणजे 2011 सालापर्यंतचा, अधिसूचित झाला. लोकांनी नकाशे बघितले तेव्हा टेकड्या, बागायती सेटलमेंटमध्ये, म्हणजे वस्ती-बांधकामाच्या झोनमध्ये गेलेल्या. डिसेंबरमध्ये गोवा बचाव अभियान उभं राहिलं, सभा, मोर्चे, आणि 2007 च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. मग टास्क फोर्स नेमली, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते त्यात, आणि 2021 चा आराखडा करताना गावागावांत नकाशे पाठवून ग्रामसभांच्या सूचना मागवल्या. लोक कामं टाकून बसले, आपली शेतं, ओहोळ, देवराई, वाट, सगळं नकाशावर दाखवलं. तेव्हा वाटलं जिंकलो.

पण भाऊ, खरी लढाई नंतर सुरू झाली. आराखडा असून कायद्यात एकेक कलम येत गेलं, 2018 ला 16ब, 2023 ला 17(2), 2024 ला 39अ, आणि प्रत्येक कलमातून एकेका सर्व्हे नंबरचा झोन बदलायची वाट निघाली. 17(2) खालचे नियम मार्च 2025 ला उच्च न्यायालयाने रद्द केले, ते पण लोक कोर्टात गेले म्हणून. तोवर किती तरी जागा बदलून झाल्या होत्या, शेजारच्याला पण पत्ता नाही. त्यामुळे मंजूर नकाशा हातात आला म्हणून मंडळाने फाइल बंद करू नये. तुमच्याकडे फेरबदलाची कलमं कुठली ते काका सांगतील, पण पेपरातल्या बारीक नोटिसा वाचायला गावात दोन माणसं कायमची नेमा. आमच्याकडे जिथे असे दोघंतिघं होते तीच गावं वाचली.

टीपी_रिटायर्ड

विकास आराखड्यात फेरबदल कलम 37 खाली होतात, प्रादेशिक योजनेत कलम 20 खाली. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते आणि त्यावर परत हरकत घेता येते. बहुतेक वेळा कोणीच घेत नाही.

जावळीच्या पोरा, ग्रामसभेचं राहिलं. ग्रामसभेच्या ठरावाने आराखडा आपोआप अडत नाही हे सरळ सांगतो, कोणी तसं सांगत असेल तर फसू नका. पण ठराव रेकॉर्डवर जातो, सुनावणीत वाचला जातो आणि पुढे कोर्टात गेलात तर उपयोगी पडतो. ठरावात पण तेच करा, गटनंबर घाला.

जावळीचा_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वडिलांना फोनवर झोन आणि आरक्षणातला फरक समजावला, अर्धा तास गेला पण शेवटी म्हणाले मग इसार दिलेल्यांना सांग आधी. ते कठीण आहे, बघतो.

रविवारी असं मांडणार आहे. गावातनं दोघं, मुंबईतनं दोघं जाऊन नकाशाची आणि अहवालाची प्रत आणायची. गावात जुनी माणसं आहेत तोवर झरे, पाणवठे, दरड सुटते ती ठिकाणं, सड्यावरची चराई, देवराई हे सगळं गटनंबर लावून लिहून काढायचं. बचतगटाचा गावठाणाचा अर्ज वेगळा, ताई तुमच्या अर्जाचा मसुदा इथं टाकला तर आमच्या गावातल्या बायका पण देतील. सडेवाल्या भाऊंचं शेवटचं मत आणि ताईंचं मत जुळत नाही, आमच्या मंडळात पण तसंच भांडण होणार हे दिसतंय, पण पाणी आणि उतार यावर दोन्ही बाजूंची सही होईल.

एक अडचण आहे. आमच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव, वारसनोंद झालेली नाही, आणि सोलापूरकडच्या चुलत्यांचा पण हिस्सा आहे. मग हरकत कोणाच्या नावाने द्यायची?

टीपी_रिटायर्ड

हरकत कोणीही व्यक्ती देऊ शकते, मालकच पाहिजे असं नाही. तुमच्या वडिलांच्या नावाने द्या, "मयत खातेदाराचे वारस" असं लिहा. पण वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे याच आठवड्यात टाका, मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी लागेल, सोलापूरकरांची नावं त्यात यायलाच हवीत, वगळू नका. एजंट लोक नेमक्या अशाच खात्यात एका हिस्सेदाराला गाठून सही घेतात.

बामणोली_साइड

मसुदा उद्या टाकते, लाइट आली की. बुधवारी आमच्याकडनं तिघी नकाशा बघायला साताऱ्याला निघतोय, तुमच्या गावचं कोणी येणार असेल तर जीपमध्ये दोन जागा आहेत, मेढ्याला थांबायला सांगा.