मदत हवी आहे: फुटबॉल कोचना डोक्याच्या माराबद्दल कसं शिकवायचं?

नमस्कार मंडळी,

कोथरूडला आमची ८ ते १३ वयाच्या मुलांची छोटी फुटबॉल बॅच आहे. कोच पाच, सगळे विशीतले, स्वतः खेळणारे. मी नुसता पालक, पण बिब्स, पाण्याचा जार आणि हिशेब माझ्या गळ्यात.

गेल्या रविवारी कॉर्नरला दोन पोरांची डोकी एकमेकांवर आपटली. कोचने आमच्या बॅचमधल्या पोराच्या डोक्यावर पाणी ओतलं, "काय नाय झालं रे, ऊठ" म्हणाला आणि पोरगा परत आत. थोड्या वेळाने तो लाइनवर येऊन मला विचारतो, "काका, आपला गोल कुठला?" हाफटाइमला बाजू बदलल्या होत्या, म्हणून मी हसलो. दोन मिनिटांत पुन्हा तोच प्रश्न. मग काढला बाहेर. डॉक्टर म्हणाले, कन्कशन, म्हणजे मार लागून मेंदूला बसलेला धक्का. आता बरा आहे, पण माझं ते हसणं मला अजून टोचतंय.

कोच वाईट नाही. बेशुद्ध पडला तरच गंभीर, असं त्याला वाटतं. खरं तर बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध जातच नाही.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा 'हेड्स अप' हा कोचसाठीचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे, पण इंग्रजीत. आमचे कोच नुसतं 'नेक्स्ट' दाबत सर्टिफिकेट काढतील. मराठीत, मैदानावर दोन तास कोणी शिकवेल का? आणि हेडर, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, बंदच करावेत का? इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिकच्या मुलांना सरावात हेडर शिकवत नाहीत.

प्रतिसाद १
फिजिओ आहे. स्लाइड्स नकोत, नाटक करवा. एका कोचने डोक्याला लागल्याचं सोंग करून पडायचं, दुसऱ्याने विचारायचं: कुठल्या ग्राउंडवर आहोत? कितवा हाफ? शेवटचा गोल कोणी मारला? मागची मॅच कोणाशी? जिंकलो का? एक जरी चुकलं तरी बाहेर. सगळं बरोबर आलं पण पोरगा गरगरतोय, डोकं धरतोय, तरीही बाहेरच, आणि त्या दिवशी परत आत नाही. ओकारी, वाढती डोकेदुखी, मानदुखी, दोन-दोन दिसणं, झटके: थेट हॉस्पिटल.

लहानांचे हेडर बंद कराच. पण कन्कशन बॉलपेक्षा हेडरसाठी उड्या मारताना डोकं-कोपर लागूनच जास्त होतं, तेव्हा कॉर्नरचा सराव आधी बघा.

धागाकर्ता
आभार! पण बेंचवर बदली पोरगाच नसला तर?

प्रतिसाद १
एक कमी घेऊन खेळा. शनिवारी सकाळी येतो, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.