‘शिकायला पैसे देतात म्हणजे काम काय करून घेणार?’ : परदेशातल्या फंडेड पीएचडीचे अनुभव लिहा

कोअरबॉक्स
काल संध्याकाळी शेजारचा पोरगा आला. मेकॅनिकल झालाय, सध्या इथंच कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत जातो. मोबाइलवर एका प्रोफेसरचं मेल दाखवलं. “काकू, ट्यूशन फी माफ आणि वर महिन्याला पैसे, असं लिहिलंय. फसवणूक तर नसेल?” त्याची आई मागं दारातच उभी होती.

मला एकदम २००९ आठवलं. आमचे आबा उद्यमनगरात पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणारे. माझं अमेरिकेचं पत्र आलं तेव्हा राजारामपुरीतल्या नेटकॅफेतनं प्रिंट आणली. आबांनी तीनदा वाचून घेतली आणि विचारलं, “शिकायला पैसे देतात म्हणजे काम काय करून घेणार?” घरात सगळे हसले. त्या पत्राला विचारायचा खरा प्रश्न तोच होता, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

पहिलं वर्ष टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट. आठवड्याला वीस तास. थर्मोच्या वह्या तपासायच्या, लॅब घ्यायची, शिवाय स्वतःचे कोर्स आणि क्वालिफायर, म्हणजे पीएचडीत पुढं जायला पास व्हावी लागणारी परीक्षा. दुसऱ्या वर्षापासून आरए (रिसर्च असिस्टंट), म्हणजे सरांनी आणलेल्या प्रोजेक्टवर काम. विषय होता, ओतकाम थिजताना आत पोकळी का राहते. कॉम्प्युटरवर आठ-आठ तास गणित चालायचं. फोनवर आबा विचारायचे, “राइझर कुठं दिलाय?” (राइझर म्हणजे थिजताना कमी पडणारा रस पुरवणारा साच्यातला जादा साठा.) मी सांगितलं की म्हणायचे, “तिथं नको, जाड बाजूला दे. ती शेवटी थिजती.” बऱ्याचदा गणितही तेच म्हणायचं.

आबांच्या पेटीत दोन पट्ट्या असायच्या. एक साधी, एक ओतकामाची. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना आक्रसतं, म्हणून दुसरी पट्टी मीटरला साधारण १० मिलिमीटर जास्तीची. जाताना ती त्यांनी माझ्या बॅगेत घातली. थिसिसच्या पहिल्या पानावर तिचा फोटो आहे.

ज्यांनी केलंय, करताय, मधेच सोडलंय, सगळ्यांनी लिहा. तुमच्याकडून काम काय करून घेतलं, तेच लिहा. तो पोरगा वाचणार आहे.

गुळाचीढेप
ताई पट्टीचा फोटो टाका की!! आमच्या आजोबांकडं पण होती, ती चुकीची पट्टी म्हणून कुणीतरी भंगारात घातली 😢

रात्रपाळी_आखेन
जर्मनी. इथं ‘ॲडमिशन’ शब्द डोक्यातनं काढा, ही नोकरी आहे. जाहिरात निघते, अर्ज, मुलाखत, करार. पगार सरकारी श्रेणीत, ई-१३. इंजिनिअरिंगला बहुतेक ठिकाणी पूर्ण पद देतात, बाकी शास्त्रांत पुष्कळदा अर्धं किंवा पाऊण. कर, आरोग्य विमा, पेन्शन सगळं कापून हातात येतं, त्यामुळं जाहिरातीतला आकडा बघून घरी सांगू नका. मी सांगितला होता. पहिल्या महिन्यात आईला वाटलं मी पैसे लपवतोय.
काम : कंपनीबरोबरचे प्रोजेक्ट, त्यांचे रिपोर्ट, मास्टर्सच्या पोरांना सांभाळणं. स्वतःचं लिखाण संध्याकाळी सातनंतर. मास्टर्स लागतंच बहुधा, बीईवरून थेट अवघड. अमेरिकेत थेट जाता येतं. बाकी नंतर लिहितो, भट्टी लावलीय.

पंचगंगा_१९
ऑगस्ट २०१९. विमान मुंबईहून आणि हायवे शिरोलीपाशी पाण्याखाली. आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी, मी मावशीकडं तिसऱ्या मजल्यावर, पासपोर्ट दुधाच्या पिशवीत गुंडाळून. आय-ट्वेंटीवरची (अमेरिकेच्या व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) तारीख चुकणार म्हणून रडकुंडीला आले. शेवटी धीर करून विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला मेल केलं, पुराचे फोटो जोडले. उत्तर त्याच दिवशी, उशिरा या, आम्ही तारीख बदलतो. पोरा, अडचण आली तर लगेच लिही. गप्प बसू नको.

कोअरबॉक्स
@पंचगंगा_१९ तुम्ही कुठल्या गल्लीतल्या? आमच्या आबांची पेटी त्याच पुरात गेली. पट्टी माझ्याकडं होती म्हणून वाचली.

पंचगंगा_१९
शाहूपुरी, सहावी गल्ली. अरेरे ताई.

सोडूनआलेला
मी लिहू का नको करत होतो. माझं पूर्ण झालं नाही. तिसऱ्या वर्षी सरांच्या प्रोजेक्टचे पैसे संपले, नवीन प्रपोजल मंजूर झालं नाही. एक सेमिस्टर टीएवर ढकललं, पुढच्याला तेही नाही. मास्टर्सची पदवी घेऊन परत आलो. सरांवर राग नाही, त्यांनीही धावपळ केली. पण मी आधी विचारायला पाहिजे होतं. प्रोजेक्टचा पैसा किती वर्षांचा मंजूर आहे? संपला तर डिपार्टमेंट टीए देईल का? उन्हाळ्याचे तीन महिने पगार आहे का? (अमेरिकेत पुष्कळ पत्रं नऊच महिन्यांची असतात.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या ग्रुपमधल्या जुन्या विद्यार्थ्यांना वेगळं मेल करून विचार, आधीचे लोक किती वर्षांत पदवी घेऊन सुटले.
दोन वर्षं मी महाद्वार रोडला जायचं टाळत होतो, कोणी ओळखीचं भेटेल म्हणून.

रात्रपाळी_आखेन
@सोडूनआलेला भावा, तीन वर्षांचं काम कुठं जात नाही. आता कुठं आहेस?

सोडूनआलेला
गोकुळ शिरगावात. सिम्युलेशनच बघतो. बरं चाललंय खरंच.

कोअरबॉक्स
दादा, तुमचे तिन्ही प्रश्न त्या पोराच्या वहीत मी स्वतः लिहून देणार. लिहिलंत ते फार बरं केलंत.

थंडीतलीभाकरी
स्वीडन, गोथेनबर्ग. मी पण नोकरीतच. संशोधनाची निव्वळ चार वर्षं, शिवाय डिपार्टमेंटचं काम (शिकवणं वगैरे) २० टक्क्यांपर्यंत, म्हणून हिशोब पाचाकडं जातो. मधे मुलगी झाली. आईबापांना मिळून ४८० दिवसांची रजा आणि तेवढे दिवस कराराच्या पुढं जोडून मिळाले. सासूबाई म्हणत होत्या, बाळंतपणात शिक्षण सुटणार. सुटलं नाही. उठली ती, पळते.

मंगळवारपेठकर
विषय सोडून विचारतो, कांदा-लसूण मसाला चेक-इन बॅगेत चालतो ना? पोरगीला पाठवायचाय.

थंडीतलीभाकरी
चालतो काका. तीन पिशव्यांत घाला, एका पिशवीत बांधून मी चार साड्या लाल केल्यात.

बोर्डिंगचानातू
माझे आजोबा मिस क्लार्क बोर्डिंगमध्ये, म्हणजे कोल्हापुरातल्या अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहून शिकले. शाहू महाराजांनी सोय केली नसती तर आमच्या घरात अक्षर आलं नसतं. माणगाव परिषद मार्च १९२० ची, त्याच वर्षी बाबासाहेब पुढच्या शिक्षणाला लंडनला गेले, त्यात महाराजांची मदत होती. हे आजोबा रोज सांगायचे.
मी गेलो ते राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, पीएचडीलाही मिळते. विद्यापीठ जागतिक रँकिंगच्या ठरलेल्या मर्यादेत लागतं, उत्पन्नाची आणि वयाची अट आहे, त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा. ह्यात प्रोफेसरच्या प्रोजेक्टला बांधलेले नसता, विषय आपला निवडता येतो. मी सांडपाणी शुद्धीकरण घेतलं. पंचगंगेसाठीच घेतलं.

कोअरबॉक्स
🙏🙏 आजोबांना नमस्कार.

बॉयलरवाली
युके. २०२१ पासून यूकेआरआयच्या (तिथली संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) स्टुडंटशिप परदेशी विद्यार्थ्यांनाही पूर्ण मिळतात, पण परदेशी ३० टक्क्यांपर्यंतच, त्यामुळं स्पर्धा फार. दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, सगळ्या वर्षांचा व्हिसाच्या वेळीच भरायचा, म्हणजे स्टायपेंडचा पहिला पैसा यायच्या आधी. मी पतसंस्थेतनं कर्ज काढलं. विद्यापीठ परत देतं का ते आधी विचारा, काही देतात. दोन, बऱ्याच इंजिनिअरिंग विषयांना आपल्याला एटीएएस (संवेदनशील तांत्रिक विषयांसाठीची सरकारी) मंजुरी लागते, त्यात आठवडे जातात. अर्ज लवकर टाका.
माझा विषय चिपाड जाळणं. गाईडना पहिल्या भेटीत गुऱ्हाळाचं चुलवाण कागदावर काढून दाखवलं. त्यांनी तो कागद ठेवून घेतलाय.

गुळाचीढेप
चुलवाण!!! ❤️ काकवी मिळते का तिकडं

बॉयलरवाली
नाही ग. तीच तर रड.

डेल्फ्टचाडबा
नेदरलँड्स, चार वर्षांचा करार, पगार. मला मेरी क्युरी (युरोपियन युनियनच्या पैशावरची योजना) नेटवर्कमधली जागा मिळाली. त्यात अट अशी की आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला नसावा. कोल्हापूर सोडून कुठं न गेलेल्याला ही अट फायद्याचीच. शेवटचा डिफेन्स, म्हणजे थिसिसवरची जाहीर तोंडी परीक्षा, बरोबर एक तास. काठी घेतलेला अधिकारी आत येतो, ‘होरा एस्त’ म्हणतो, की वेळ संपली. वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. माझे वडील पहिल्या ओळीत, फेटा बांधून. एक शब्द कळत नव्हता, पण एक तास हलले नाहीत.

मंगळवारपेठकर
फेटा 🙌 डोळ्यात पाणी आलं राव.

जपानहून
घाईत लिहितो, ट्रेनमध्ये आहे. मेक्स्ट, म्हणजे जपान सरकारची शिष्यवृत्ती. दूतावासामार्फत, जाहिरात एप्रिलच्या आसपास, लेखी परीक्षा आणि मुलाखत. फी नाही, विमानभाडं त्यांचं, पीएचडीला महिना १,४५,००० येन. आधी काही महिने रिसर्च स्टुडंट, मग प्रवेश परीक्षा. लॅबचं इंग्रजीत चालतं, पण कार्यशाळेतले काका जपानीच बोलतात आणि खरं मशिन त्यांच्याच हातात असतं. त्यांची भाषा शिका.

कोअरबॉक्स
पोरगा आत्ता येऊन गेला. सगळं वाचलंय त्यानं. @सोडूनआलेला तुमचे प्रश्न पाठ केलेत. उद्या रात्री साडेआठला त्या प्रोफेसरशी व्हिडिओवर बोलायचंय, आमच्याच घरातनं, त्यांच्याकडं नेट येत नाही. त्याची आई विचारत होती, तेवढ्यात कुकर लावला तर शिट्टीचा आवाज तिकडं जाईल का.

थंडीतलीभाकरी
जातो. साडेसातलाच लावून घ्या म्हणावं, भात गरम राहतो.

सोडूनआलेला
ताई, झालं की कळवा. मी जागा असेन.