मच्छीमार सोसायटी ग्रुप : शनिवार-रविवारची कॅनू पोलो स्पर्धा (छोट्या बोटीत बसून हातानं अन् पॅडलनं म्हणजे वल्ह्यानं बॉल गोलात टाकायचा खेळ)

मॅनेजर दादा: पोट्ट्यांनो, शनिवारी सकाळी आधी सामानाची तपासणी, मंग मॅच. आज संध्याकाळी आपापल्या बोटीच्या नाकाचं अन् शेपटीचं रबर दाबून पाहा. सुटलं असन तं आजच चिकटवा. बोट 3 मीटरच्या आत पाह्यजे अन् 7 किलोपेक्षा हलकी नको, त्या मापात आपल्या बोटी आहेत. घोर पॅडलचा आहे.

नवीन पोट्टा: काऊन दादा?

मॅनेजर दादा: पात्याची कड 5 मिलिमीटरपेक्षा पातळ चालत नाही. काठावरच्या मुरमावर पॅडल टेकून बोटीत बसता ना तुम्ही, तिथंच कड झिजते. झिजलेली कड दुसऱ्याच्या बोटाले लागली तं सरळ टाके. पातळ झाली असन तिथं इपॉक्सी (दोन भाग मिसळून जमणारं चिकट रेझिन) भरा, सुकल्यावर सँडपेपरनं गोल करा. नुसती टेप गुंडाळू नका, पाण्यात सुटते.

गोलकीपर: हेल्मेटची जाळी वाकली आहे थोडी.

मॅनेजर दादा: 7 सेंटिमीटरचा गोळा आत जाईल इतकी फट नको. आज सरळ कर. जाकीट 15 मिलिमीटर जाड, बाजूच्या बरगड्या झाकणारं.

सोसायटीवाले काका: तलावावरचा गोल पाह्यला का कोणी? धानाले पाणी सोडल्यापासून पातळी वीतभर उतरली. बांबू तळाशी गाडलेले, म्हणजे चौकट तेवढी वर गेली. खालची कड पाण्यापासून 2 मीटर पाह्यजे. तुम्ही सव्वादोनवर सराव करून राहिले, तिथं सगळे शॉट चौकटीवरून जातीन.

मॅनेजर दादा: खरं आहे काका. चौकट दोरीवर घेऊन टाकू, बांबूले खुणा करून. पातळी उतरली का एक खूण खाली. चौकट रुंदीले दीड मीटर, उंचीले 1, ते बरोबर आहे. मैदान 35 बाय 23 बसते, पण पूर्वेच्या कोपऱ्यात खोली 90 सेंटिमीटर राहिली नाही. तिकडं उलटलं तं हेल्मेट गाळात. हद्दीचा दोर आत घ्या.

सोसायटीवाले काका: अन् शिंगाड्याकडं कोणी जाऊ नका. वेल पॅडलले गुंडाळतात अन् ज्याचं पीक आहे तो माझ्याकडं येते.

फायबरवाले भाऊ: लाल बोट माझ्याकडं आहे. चीर जोडावर पडली, डेक म्हणजे बोटीचा वरचा भाग अन् तळ जुळतात तिथं, सीटच्या पुढं. समोरून धडक बसली का नाक वाचते, रबर असते ना, ताण मागं जोडावर येते. आज रात्री करून देतो. पण पद्धत सगळ्यांनी वाचून ठेवा, शनिवारी रात्री स्पर्धेच्या ठिकाणी कोणाले तरी हेच करावं लागन.

पहिले बोट पूर्ण कोरडी. चिरेच्या दोन्ही टोकांले 3 मिलिमीटरचं छिद्र पाडा, नाही तं चीर पुढं चालत राहते. भोवतालचं चार-पाच सेंटिमीटर 80 नंबरच्या सँडपेपरनं घासा, चमक उरली नाही पाह्यजे. असिटोननं पुसा, मंग तिथं हात लावायचा नाही. काचकापडाचे तीन तुकडे, लहान, मधला, मोठा, आतल्या बाजूनं. बाहेरून एकच. ब्रश ओढू नका, थोपटा. कापड पारदर्शक दिसलं म्हणजे भिजलं, पांढरं राहिलं तं आत हवा आहे.

आपल्या बोटी इपॉक्सीच्या. दुकानात फायबरच्या नावानं स्वस्त पॉलिस्टर रेझिन देतात, ते इपॉक्सीवर धरत नाही, दोन धडकांत सुटते.

सगळ्यात मोठी चूक थंडीत होते. रात्री जमून नाही राहिलं म्हणून पोट्टे हार्डनर (रेझिन जमवायले मिसळतात तो दुसरा भाग) वाढवतात. पॉलिस्टरमध्ये हार्डनर वाढवला तं लवकर जमते, ती सवय इथं आणू नका. इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर लिहिलं तेच. जास्तीचा हार्डनर आत तसाच राहते अन् जोड चिकट, कमजोर. ऊब द्या. हॅलोजन लावा हातभर दुरून, बोट खोलीत ठेवा, दवात नको.

डावीकडचा: अन् मॅचच्या मधात चीर पडली तं?

फायबरवाले भाऊ: रेझिनच्या नादी लागू नको. पुसून उन्हात ठेव, रुंद कापडी टेप मार, टेपचे कोपरे गोल काप म्हणजे लवकर उचलणार नाहीत. ओल्यावर टेप चिकटत नाही, त्यासाठी एक कोरडा टॉवेल वेगळा ठेवजो, आंग पुसायचा नाही.

पिकअपवाले मामा: आठही बोटी डाल्यात आडव्या कडेवर उभ्या लावणार. मधात तणसाचे पोते. बोट डाल्याच्या बाहेर निघते, मागं लाल फडकं मी बांधतो. पट्टा करकचून आवळू नका, डेक दबते.

नवीन पोट्टा: दादा, ढकलायचं कोणाले ते अजून पक्कं नाही झालं.

मॅनेजर दादा: बॉल ज्याच्या ताब्यात त्यालेच. उघड्या तळहातानं, खांद्यावर, दंडावर नाही तं पाठीवर. मान-तोंड नाही. बॉल हातात आला का 5 सेकंद. पास दे, नाही तं स्वतःच 1 मीटर दूर फेकून पुन्हा घे. पूर्ण टीमले शॉटसाठी 60 सेकंद. तुमचे 40 तं इकडून तिकडं पास करण्यातच जातात, मंग घाईत कुठूनही फेकता. समोरच्याचा हात बॉलजवळ असताना पॅडल घालायचं नाही, पंच लगेच शिट्टी मारते.

नवीन पोट्टा: उलटलो तं?

मॅनेजर दादा: रोल, म्हणजे बोटीतच राहून पुन्हा सरळ व्हायचं. बोट सोडून बाहेर आला तं सामान घेऊन मैदान सोडावं लागते. अन् स्प्रे डेकचं (कंबरेभोवती बोटीचं तोंड झाकते ते कव्हर) ओढायचं कान बाहेर आहे का, हे बसल्या बसल्या हातानं चाचपून पाह्यजो. ते आत अडकलं अन् रोल नाही बसला तं निघणं कठीण. हे प्रत्येकानं शेजारच्याचंही पाहा.

गोलकीपर: बदली खेळाडूचं सांगा दादा, सारे गडबड करतात.

मॅनेजर दादा: पाण्यात 5, बाहेर 3. बाहेर येणारा पूर्ण निघाला, पॅडलसकट, तेव्हाच दुसरा आपल्या गोललाइनवरून आत. 10-10 मिनिटांचे दोन भाग आहेत, पण पळापळ इतकी का दमलेला माणूस परत फिरत नाही अन् समोरचे चौघं आपल्या तिघांवर येतात. दम लागायच्या आधी बाहेर या. कोणी हिरो नका बनू.

वहिनी: खायचं काय घेऊ? तर्री पोहे म्हणून राहिले सगळे.

मॅनेजर दादा: तर्री रविवारी संपल्यावर, वहिनी. मॅचच्या दोन तास आधी भाकर किंवा भात, तिखट कमी. दोन मॅचच्या मधात केळी, मुरमुरे, संत्री. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी मोठ्या कॅनमध्ये. थंडीत तहान लागत नाही, म्हणून पोट्टे पीत नाहीत अन् चौथ्या मॅचले पोटऱ्या चढतात.

वहिनी: बरं. सुके कपडे?

मॅनेजर दादा: दोन जोड, सगळ्यांचे. आपली मॅच झाल्यावर पुढच्या मॅचले पंच, वेळ अन् गुणलेखन आपल्याकडं आहे. ओल्या कपड्यात काठावर उभं राहून पोट्टे गारठतात अन् तसेच पुढच्या मॅचले उतरतात.

डावीकडचा: पंच कोण?

मॅनेजर दादा: तू अन् गोलकीपर. शिट्ट्या दोन, घड्याळ दोन. मोबाइलवर वेळ नाही मोजायची, ओल्या बोटानं स्क्रीन चालत नाही.

पिकअपवाले मामा: पहाटे साडेचारले सोसायटीच्या गोदामासमोर. बोटी आदल्या रात्रीच भरायच्या. तणस कोण आणून राहिलं?

सोसायटीवाले काका: माझ्या ढिगाऱ्यातून घ्या, वरचं कोरडं घेजा. पोते परत पाह्यजे.