फक्त खो-खो, बाकी काहीच नाही: कॉलेजच्या अर्जात अडचण येते का?

काळी_माती (ता. दर्यापूर)
पोरगी यंदा दहावी पास झाली. पाचवीपासून खो-खो, दुसरं काही नाही. राज्य शालेय स्पर्धेपर्यंत गेली. काही जण म्हणतात, चित्रकला, वक्तृत्व असं चार ठिकाणी नाव पाहिजे. इंजिनिअरिंग करायचंय, पण दिल्ली अन् परदेशही डोक्यात आहे.

खांब_ते_खांब
भाऊ, एमएचटी-सीईटी (राज्याची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा) अन् जेईई (देशपातळीवरची) यांच्या प्रवेश फेऱ्यांत नंबर परीक्षेवरच लागतो. तिथं एक खेळ काय अन् दहा छंद काय, सारखंच. खेळासाठी बोर्ड देतं त्या सवलतीच्या गुणांनी बारावीची टक्केवारी वाढते, प्रवेश परीक्षेचं पर्सेंटाइल नाही.
आयआयटी मद्रासनं 2024-25 पासून खेळाडूंसाठी प्रत्येक बीटेक शाखेत 2 वाढीव जागा ठेवल्या, त्यातली 1 मुलींची. पण जेईई ॲडव्हान्सची (आयआयटीसाठीची परीक्षा) रँक लागतेच, वरून गेल्या 4 वर्षांतलं राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पदक. आपला खेळ त्यांच्या यादीत आहे का, ते आधी पाहा.

शिट्टी_वाला
दिल्ली विद्यापीठाच्या क्रीडा कोट्यात सीयूईटीला (केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) 25 टक्के वजन. उरलेले 75 प्रमाणपत्रं अन् मैदानी चाचणीचे. म्हणजे तिथं एकच खेळ, पण वरच्या पातळीचा, हेच चालतं.
खरा घोळ अकरावीत होतो. क्लासच्या नादात नावापुरतं कॉलेज घेतात. 19 वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत प्रवेशिका कॉलेजमार्फतच जाते, अन् हे कॉलेज संघच पाठवत नाही. जिल्हा, विभाग, राज्य ही शिडी तिथंच तुटते. प्रवेशाआधी क्रीडा शिक्षकाला विचारा, मागच्या वर्षी मुलींचा संघ गेला होता का.
पैसे भरून खेळवणाऱ्या खाजगी ‘राष्ट्रीय’ स्पर्धांच्या कागदाला पडताळणीत कोणी विचारत नाही. प्रमाणपत्रावरचं नाव अन् जन्मतारीख गुणपत्रिकेशी आत्ताच जुळवा; आयोजकाकडून दुरुस्ती नंतर होता होत नाही, बाप्पा.

कापूसपट्टी
परदेशाचं गणित उलटं आहे. अमेरिकेच्या ‘कॉमन ॲप’मध्ये (बऱ्याच कॉलेजांसाठी चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) उपक्रमांच्या 10 जागा असतात, पण सगळ्या भरायची सक्ती नाही. एकेका वर्णनाला 150 अक्षरं, शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून. आठवड्याचे तास अन् वर्षाचे आठवडे वेगळे लिहायचे. ‘खो-खोची आवड’ लिहून जागा वाया घालवू नका. कोणत्या पातळीवर खेळली, संरक्षणात किती मिनिटं टिकते, लहान पोरींना शिकवते का, ते लिहा. शिकवणं ही वेगळी नोंद होते. घरचा स्वयंपाक, कापूस वेचणी, धाकट्याला सांभाळणं यांनाही ‘कौटुंबिक जबाबदारी’ असा रकाना आहे. आपल्याकडची पोरं तो कोराच सोडतात.
तासांची वही आजपासून ठेवा. बारावीत अंदाजानं भरलेले आकडे शाळा अन् झोपेच्या तासांत बसत नाहीत, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

काळी_माती
मग चित्रकलेची इंटरमिजिएट (सरकारी रेखाकला परीक्षा) द्यायला लावू का?

खांब_ते_खांब
त्याचे वाढीव गुण दहावीलाच मिळतात, अ श्रेणीला 7. ती वेळ गेली. आता सकाळचा सराव मोडू देऊ नका.