तरुण सभासद येतात, पण दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करत नाहीत

मानद_सचिव
आमच्या उद्योग संघटनेत कंपन्या भरपूर, पण सभेला येणारे बहुतेक पन्नाशीपुढचे. पस्तिशीच्या आतल्यांना वर्गणी निम्मी केली. नोंदणी वाढली, पण नूतनीकरणाला अर्ध्याहून जास्त गळाले. आता ‘युवा शाखा’ काढायचा ठराव येतोय. उपयोग होईल का? वयाची अट किती ठेवावी?

हिशेबनीस
आधी गळती कुठे होते ते शोधा. सभासद यादीत तीन रकाने वाढवा: नोंदणी, पहिली उपस्थिती, दुसरी उपस्थिती. पहिल्या ९० दिवसांत जे दुसऱ्यांदा फिरकले नाहीत त्यांना तेव्हाच फोन करायचा. नूतनीकरणाच्या पत्रापर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

सवलतीचा घोळही असणार. निम्म्यावरून थेट पूर्ण वर्गणी आली की माणूस ‘मला यातून मिळतं काय’ हा हिशेब पहिल्यांदा करतो. पहिली दोन वर्षं ५० टक्के, तिसऱ्या वर्षी ७५, चौथ्यापासून पूर्ण, असे टप्पे ठेवा.

दुसरं, सभासदत्व कंपनीचं असेल तर सगळी पत्रं एकाच अधिकृत प्रतिनिधीकडे जातात आणि तिथेच राहतात. खालच्यांना निमंत्रण पोचतच नाही! फॉर्मवर प्रत्येक कंपनीकडून आणखी दोन नावं मागा, त्यांचा वैयक्तिक ईमेलही घ्या. नाहीतर नोकरी बदलली की संपर्क तुटला.

उपसमितीवाला
वयापेक्षा क्षेत्रातली वर्षं मोजा; क्षेत्र बदलून आलेला चाळिशीचा माणूसही नवखाच असतो. आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेचा यंग प्रोफेशनल्स गट पहिल्या पदवीपासून १५ वर्षं धरतो. रोटरॅक्टने, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबांनी, ३० वर्षांची कमाल मर्यादा २०२० मध्ये काढून टाकली. जेसीआय ही तरुणांची संघटना मात्र १८ ते ४० वर कायम आहे. उद्योग संघटनेला ‘क्षेत्रात १० वर्षांपर्यंत’ पुरेसं व्हावं.

युवा शाखेबद्दल स्पष्ट सांगतो: मत नाही, निधी नाही, तर ती शाखा पाहुण्यांचं स्वागत आणि सूत्रसंचालन यातच अडकते. त्यापेक्षा प्रत्येक उपसमितीत नव्यांना दोन जागा द्या. एकच दिली तर ज्येष्ठांपुढे तो एकटा गप्प बसतो. सोबत ६ ते ८ आठवड्यांत संपणारं काम द्या: वेतन सर्वेक्षण, तांत्रिक मानकाच्या मसुद्यावरच्या हरकती, नव्यांसाठी प्रशिक्षणाचा आराखडा. काम काय, आठवड्याला किती तास, अंतिम निर्णय कोणाचा, हे पानभर लिहून द्या. ‘जमेल तशी मदत करा’ म्हटलं की कोणीच करत नाही.

मेंटॉर_समन्वयक
मेंटॉरिंगची जोड द्या, म्हणजे नवख्याला एक अनुभवी मार्गदर्शक, पण मुदत घालून: सहा महिने, महिन्यातून एक तास. मेंटॉर दुसऱ्या कंपनीतला हवा, म्हणजे साहेबाबद्दलही मोकळेपणी बोलता येतं. दोघं स्पर्धक कंपन्यांतले असतील तर दर, ग्राहक आणि निविदा हे विषय वर्ज्य, असं आधीच लेखी घ्या. स्पर्धा कायद्याच्या दृष्टीनेही ते गरजेचं आहे.

जोड्या बहुतेक पहिल्या भेटीआधीच मोडतात, कारण नवखा संकोचतो आणि ज्येष्ठ वाट बघत बसतो. पहिल्या भेटीची तारीख कार्यालयाने ठरवून द्यावी. तिसऱ्या महिन्यात दोघांना वेगवेगळा फोन करा. जमत नसेल तर कारण न विचारता जोडी बदला.

आणखी एक अडसर कोणी उघड बोलत नाही: आपला हुशार माणूस तिथे दुसऱ्याच्या नजरेत भरेल, या भीतीने मालक पाठवत नाहीत. काय शिकवणार आणि किती वेळ जाणार, हे विभागप्रमुखाला आधीच लेखी कळवा. भीती पूर्ण जात नाही, पण निदान सुट्टी मिळते.

मानद_सचिव
मताच्या हक्काला कार्यकारिणी तयार होईल असं वाटत नाही. नियमावलीही आड येते.

उपसमितीवाला
उपसमितीतलं मत अनेक ठिकाणी कार्यकारिणीच्या ठरावानेच देता येतं, तुमची नियमावली नीट तपासा. कार्यकारिणीतल्या मतासाठी दुरुस्ती सर्वसाधारण सभेपुढे न्यावी लागेल. तोवर निमंत्रित सदस्य म्हणून घ्या, पण दुरुस्ती कोणत्या सभेत मांडणार ते त्याच ठरावात लिहा. शिवाय हाती घेतलेल्या कामापुरता थोडा खर्च मंजूर करायचा अधिकार आत्ताच द्या. चहाच्या बिलालाही खजिनदाराची सही लागत असेल तर पुढच्या कामाला कोणी हात वर करणार नाही.