रोजचे आत्मपरीक्षण करताना मन खचते, काय करावे?

प्रश्न
रोज रात्री दिवसभराच्या वागण्याचा प्रभूसमोर आढावा घेण्याची सवय मी लावून घेतली आहे. परंतु राग, हेवा, उतावळे बोलणे ही तीच ती पापे रोज समोर येतात आणि त्यांची उजळणी करता करता मन इतके खचते की पुढे प्रार्थना सुचत नाही. आपण विश्वासात आहोत की नाही याची परीक्षा करण्यास प्रेषित पौल बायबलमध्ये सांगतो (२ करिंथ १३:५), त्यामुळे हे सोडून देणेही योग्य वाटत नाही. आत्मपरीक्षण कसे करावे आणि कोठे थांबवावे?

उत्तर १
आपला आढावा थेट पापांपासून सुरू होतो, अडचण तिथेच असावी. कॅथलिक येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ साली छापलेल्या साधनाग्रंथात रोजच्या परीक्षणाचा क्रम असा आहे: आधी मिळालेल्या कृपादानांबद्दल उपकारस्तुती, मग आपली पापे ओळखता यावीत म्हणून कृपेची याचना, आणि त्यानंतरच तासामागून तास आपले विचार, शब्द व कृती यांची तपासणी; शेवटी क्षमायाचना आणि सुधारणेचा निश्चय. उपकारस्तुती पहिली ठेवली आहे ती शिष्टाचार म्हणून नव्हे, असे मला वाटते. ज्याने दिवसभर सांभाळले त्याच्यासमोर आपण बसलो आहोत याचे भान आले, की तीच पापे वेगळ्या उजेडात दिसतात. शिवाय त्याच ग्रंथात एका वेळी एकच दोष निवडून त्यावर लक्ष ठेवण्याची वेगळी पद्धतही आहे. आपण तीन दोषांशी एकदम झुंजत आहात.

उत्तर २
क्रम उत्तम आहे, पण क्रम पाळला म्हणून मन खचणार नाही असे नाही. स्वतः इग्नेशियस यांना स्पेनमधील मान्रेसा येथे असताना, सविस्तर पापनिवेदन करूनही, काहीतरी सांगायचे राहून गेले या शंकेने छळले होते. पुढे प्रोटेस्टंट सुधारणेचे प्रणेते झालेल्या मार्टिन ल्यूथर यांचीही मठात तीच अवस्था होती आणि त्यांचे वरिष्ठ श्टाउपित्झ यांनी त्यांची नजर ख्रिस्ताच्या जखमांकडे वळवली. म्हणजे हा कॅथलिक-प्रोटेस्टंट असा वाद नाही (तो इथे सुरू होऊ नये ही विनंती). पौलाने आणखीही एक गोष्ट लिहिली आहे: मी स्वतःचाही न्यायनिवाडा करीत नाही, माझा न्यायनिवाडा करणारा प्रभू आहे (१ करिंथ ४:३-४). स्तोत्र १३९ च्या शेवटीही स्तोत्रकर्ता आपली झडती स्वतः घेत नाही, ती घेण्याची विनंती तो देवाला करतो. न्यायाधीशाची जागा आपण बळकावली, की ना निर्दोष सुटका होते ना खटला संपतो.

उत्तर ३
वरील दोन्ही उत्तरांना व्यवहाराची जोड देतो. ‘उतावळे बोलणे’ हा नुसता मथळा झाला. त्याखाली एक प्रसंग निवडून तो जवळून पाहावा. समजा, बैठकीत सहकाऱ्याचे कौतुक झाले, आपण तोंडदेखले अभिनंदन केले आणि घरी येताच क्षुल्लक कारणावरून मुलावर खेकसलात. वहीत ‘राग’ एवढेच लिहिले, तर सकाळचा हेवा सुटूनच जातो. तो सापडला की क्षमायाचना नेमकी होते आणि उद्याचा निश्चयही: मुलाची माफी मागणे, सहकाऱ्याशी मनापासून दोन शब्द बोलणे. यासाठी दहा-पंधरा मिनिटे पुरतात. एकदा पदरी घेतलेले, म्हणजे कबूल केलेले पाप देव क्षमा करतो या वचनाच्या (१ योहान १:९) आधारे तिथेच ठेवावे आणि त्याच रात्री पुन्हा उकरून काढू नये. तरीही बोचणी थांबत नसेल, तर पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी समक्ष बोलावे, कारण अतिसंकोची, म्हणजे जिथेतिथे पापाची शंका घेणाऱ्या विवेकाला एकट्याने केलेल्या परीक्षणाने आराम पडत नाही.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचे आभार. एक शंका उरते: ज्या सहकाऱ्याचा हेवा वाटला, त्याला त्याची कल्पनाही नाही. त्याच्याजवळ ते कबूल करावे काय?

उत्तर ३
माझ्या मते नाही. मनातच राहिलेला हेवा देवाजवळ कबूल करावा. त्या व्यक्तीला तो सांगितल्याने आपले ओझे तिच्या माथी जाते. मात्र हेव्यापोटी आपण तिच्याविषयी कोठे वाकडे बोलला असाल, तर आधी जाऊन तिच्याशी समेट करावा हे येशूचे वचन (मत्तय ५:२३-२४) लागू होते, आणि जिथे बोललात तिथेही ते दुरुस्त करावे लागेल.