मदत हवी आहे : जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्या – सम की खुरी? (सोबत ७३ वर्षांचे बाबा)

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आई-बाबांना घेऊन जैसलमेरला जायचं ठरतंय. पुण्याहून जोधपूर, तिथे एक दिवस मेहरानगड, मग रेल्वेने जैसलमेर, असे एकूण सहा दिवस. किल्ला, पटव्यांच्या हवेल्या, गडीसर तलाव यांची माहिती भरपूर मिळाली. अडलंय ते वाळूपाशी.

बाबांनी पुण्यातल्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. वाऱ्याचं कार्य शिकवताना ते फळ्यावर बारखाण काढायचे. चंद्रकोरीसारखी टेकडी, वाऱ्याकडची बाजू मंद उताराची, आडोशाची एकदम तीव्र, आणि दोन्ही शिंगं वारा जातो त्या दिशेला. मीही त्यांच्याच वर्गात बसून ती आकृती वहीत उतरवली आहे. पण त्यांनी स्वतः वाळवंट कधीच पाहिलेलं नाही. गेल्या वर्षी दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. आता काठी घेऊन तळजाईला रोज फिरून येतात. पाय रुतणाऱ्या वाळूत मात्र काय होईल, याचा मला अंदाज नाही.

त्यांची मागणी एकच आहे : "सूर्यास्त नको, पहाट दाखव. रात्रभर वाऱ्याने सारवलेली वाळू बघायची आहे, कुणाचं पाऊल न उमटलेली."

चार वर्षांपूर्वी ऑफिसच्या ग्रुपबरोबर मी सममध्ये एक रात्र राहिले होते. संध्याकाळी टेकडीवर जीपांची रांग, वाळूभर टायरचे पट्टे, आणि तंबूंच्या आवारात रात्री अकरापर्यंत स्पीकर. मधे वीसेक मिनिटं दोन मांगणियार लोककलाकार कमायचा (तंतुवाद्य) आणि खडताल (लाकडी चिपळ्या) घेऊन बसले होते. ते सुरू झाले तेव्हा मी जेवण सोडून पुढे जाऊन बसले. पण लगेच पुन्हा स्पीकर लागला. ती रात्र बाबांच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी हा धागा काढतेय.

तर, खुरी खरंच शांत आहे का? टेकड्या लहान आहेत म्हणतात, मग शिंगांचा आकार नीट दिसतो का? बाबांनी उंटावर बसावं का? किल्ल्याचा चढ त्यांना झेपेल का? आणि आत हॉटेलं आहेत, तिथे राहावं की खाली? तारखा शुद्ध पंचमी-षष्ठी धरून काढल्या आहेत. आईला अमावास्येला प्रवास नको, आणि त्या तिथींना चंद्र मध्यरात्रीच्या आत मावळतो, म्हणजे पहाटे तारेही दिसतील.

प्रतिसाद

ताई, पवनचक्क्यांच्या कामासाठी दोन वर्षं जैसलमेरला होतो. बिनधास्त खुरी घ्या. सम शहरापासून साधारण ४० किलोमीटर पश्चिमेला, खुरी तेवढ्याच अंतरावर पण नैर्ऋत्येला. गाव मातीच्या घरांचं आहे, गर्दी बरीच कमी.

बाबांना त्यांचीच आकृती उपयोगी पडेल. वाऱ्याकडच्या मंद बाजूने चढा, तिथली वाळू दाबून बसलेली असते, पाऊल जेमतेम बोटभर रुततं. आडोशाची बाजू ३०-३४ अंशांची, वाळू तिथे घसरून जेमतेम टेकलेली असते. तिकडून चढू-उतरू देऊ नका. माथ्यावर जायचीही गरज नाही. खालच्या एखाद्या शिंगाशी उभं राहिलं की संपूर्ण कोर दिसते, आणि वाळूवरच्या लहरी सूर्य क्षितिजालगत असेपर्यंतच उठून दिसतात. ऊन वर आलं की सावल्या जातात आणि सगळं सपाट वाटायला लागतं. म्हणजे बाबांची वेळेची निवड अगदी बरोबर आहे.

उंट नको. तो उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, माणूस पुढे फेकला जातो. बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही तेच. शिवाय मांड्या फाकवून बसावं लागतं. उंटगाडी सांगा. आणि पहाटेच्या थंडीला कमी लेखू नका. पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो, कानटोपी हवीच.

प्रतिसाद

किल्ल्याबद्दल. अखई पोळ या पहिल्या दरवाजापासून आत दगडी फरशीचा वळणावळणाचा चढ आहे, शेकडो वर्षांच्या वर्दळीने गुळगुळीत झालेला. काठीला रबरी टोपण नवं घाला, मग हळूहळू जमेल. राहायला मात्र खाली घ्या, असं कळकळीने सांगते. ११५६ साली रावल जैसलने वसवलेला हा किल्ला आजही नांदता आहे, आणि त्याचं दुखणंही तेच आहे. पूर्वी घागरीने येणारं पाणी आता नळाने येतं, सांडपाणी जमिनीत मुरतं आणि टेकडीचा पाया भुसभुशीत होतो. काही बुरूज आणि भिंतींचे भाग ढासळलेही आहेत. आपण आत केलेली प्रत्येक आंघोळ त्या पायात जाते. २०१३ पासून तो जागतिक वारशात आहे, तेव्हा बघायला जाऊ या, नांदायला नको.

भूगोलाच्या सरांना कुलधराही दाखवा. सोडून गेलेलं गाव, दिवाण सालमसिंहाच्या जाचाची आख्यायिका, हे सगळे सांगतीलच. पण तिथे राहणाऱ्या पालीवाल ब्राह्मणांची खडीन शेती कुणी सांगत नाही. उताराच्या तळाशी लांबच लांब बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं, ते मुरलं की त्या ओलीवर रब्बीचा गहू घ्यायचा. आणि हे वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास पावसात! अकल इथली दगड झालेली झाडंही बघा, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची. थरच्या वाळवंटात तेव्हा जंगल होतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. अकलचं ऐकून उठले आणि जुना नकाशासंग्रह काढून बसले. खुरीत दोन रात्री पक्क्या, जैसलमेरला किल्ल्याखाली दोन. आईने लोद्रव्याचं जैन मंदिर यादीत घातलंय.

आता एकच विचारायचं राहिलं. खुरीत उंटगाडीवाले पहाटे साडेपाचला निघतात का, की आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावं लागतं? आणि गाडीवर गादी असते, की टेकायला लोड इथूनच न्यावा?